नवी आवृत्ती आणि हवी आवृत्ती

डब्यातल्या रव्यात अळी झाली, तर झाकण उघडताच कळते. लोणच्यावर बुरशी आली, तर ती वरच दिसते. छत्रीची काडी मोडली, बिजागरी गंजली, चादर विरली, तरी घरातील वस्तू आपले जुनेपण आपण होऊन सांगतात. संगणकातील सॉफ्टवेअर मात्र या बाबतीत अगदी मुके असते. ते विटत नाही, गंजत नाही, त्याला वास येत नाही. पाच वर्षांपूर्वी जसे चालत होते तसेच ते आजही चालते, आणि घात होतो तो नेमका येथेच. त्या पाच वर्षांत त्याच्यात काहीच बदल झालेला नसतो. बदल झालेला असतो तो बाहेर. त्याच्या कोणत्या भिंतीत फट आहे, हे दरम्यान जगाला कळून चुकलेले असते.

हा रुक्ष वाटणारा विषय आम्ही घरगुती मासिकाच्या पानांवर आणीत आहोत, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपविला. आपल्या घरांतून जे आठ-दहा वर्षांचे संगणक आहेत, त्यांतील पुष्कळांवर विंडोज ११ बसत नाही. यंत्र धडधाकट आहे, मग ते भंगारात का घालावे, असा मराठी मनास सहज पडणारा प्रश्न पडून काही घरांतील मुलांनी त्यावर लिनक्स बसवून दिले आणि ती आपापल्या नोकरीच्या गावी निघून गेली. मागे इंदुरास, बडोद्यास किंवा बेळगावास राहिले ते आईवडील, त्यांचे निवृत्तिवेतनाचे कागद, नातवंडांची छायाचित्रे आणि मंडळाच्या सभासदांची यादी. तो संगणक शिळा झाला आहे की नाही, हे आता कोणी पाहावयाचे?

आमचे उत्तर असे, की ज्याचे घर त्यानेच पाहावे, आणि ते वाटते तितके अवघड नाही. त्यासाठी ‘टर्मिनल’ नावाची ती काळी चौकट उघडावी लागते. तिची भीती धरण्याचे कारण नाही. तेथे चित्रे नाहीत, दाबावयाची बटणे नाहीत. एक ओळ लिहावयाची आणि उत्तराची वाट पाहावयाची, इतकाच व्यवहार आहे. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या पिढीस तो परका वाटू नये.

त्या चौकटीत आपण ज्याच्याशी बोलतो, त्यास ‘पॅकेज मॅनेजर’ म्हणतात. ज्या घरांत संस्थानी काळाच्या आठवणी अजून निघतात, त्यांना कोठी आणि कोठावळा हे शब्द समजावून सांगावयास नकोत. हा मॅनेजर म्हणजे संगणकाचा कोठावळा. कोणता माल कधी आला, कोणत्या आकड्याचा आला, एका जिनसासाठी दुसरा कोणता लागतो, याची वही त्याच्याजवळ असते. हा माल थोडाथोडका नसतो. साध्या घरगुती लिनक्स संगणकातही हजाराहून अधिक पॅकेजे नांदत असतात. पत्र लिहिण्याचे साधन, छायाचित्रे पाहण्याचे साधन, ही आपल्याला दिसणारी. अक्षरे जुळविणारी, कुलुपे लावणारी, फाइली दाबून लहान करणारी कितीतरी कधीच न दिसणारी. माणसाने ती एकेक तपासावयाची म्हटली, तर वर्ष पुरणार नाही.

या कारभाराची मुळे डेबियन या लिनक्स परिवारात पाहावयास मिळतात. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तो जाहीर केला आणि आपल्या मैत्रिणीचे डेब्रा व स्वतःचे इयन ही नावे जोडून ‘डेबियन’ हे नाव ठेविले. त्यात आरंभी ‘डीपीकेजी’ नावाचा कोठावळा होता. तो वही नीट ठेवी, परंतु माल आणून देणे त्याच्याकडे नव्हते. पुढे ‘एपीटी’ आला, आणि मार्च १९९९ मध्ये निघालेल्या डेबियनच्या २.१ या आवृत्तीपासून तो घराघरांत पोहोचला. तो दूरच्या भांडाराशी बोलू लागला, हा मोठाच फरक. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या तेराव्या डेबियनच्या भांडारात सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आज्ञा रोमन अक्षरांत लिहावयाच्या असतात. येथे आम्ही त्या उच्चाराप्रमाणे देत आहोत. पहिली आज्ञा ‘सुडो एपीटी अपडेट’. नावावरून वाटते की हिने सारे नवे होईल. तसे मुळीच होत नाही, आणि पुष्कळांची फसगत येथेच होते. ही आज्ञा एकही जिन्नस बदलीत नाही. ती केवळ भांडाराची ताजी यादी घरी आणते. पाडव्याला नवे पंचांग आणले म्हणजे वर्षाचे सण साजरे झाले असे कोणी म्हणत नाही. पण नवे पंचांग आणलेच नाही, तर गतवर्षीच्या पंचांगावरून एकादशी पाहण्याची पाळी येते. यादी जुनी असली, तर कोठावळा मोठ्या प्रामाणिकपणे सांगतो की सर्व ठीक आहे. त्याच्याजवळच्या कागदाप्रमाणे ते खरेही असते.

यादी आली की दुसरी आज्ञा: ‘एपीटी लिस्ट’, मग एक जागा सोडून दोन आडव्या रेघा, आणि त्यांना लागूनच ‘अपग्रेडेबल’. हिला ‘सुडो’ची, म्हणजे घरमालकाच्या अधिकाराची, गरज नाही, ती फक्त विचारते. उत्तरात एकेका ओळीवर पॅकेजचे नाव, तिरक्या रेघेपुढे ते कोणत्या शाखेतून आले ते, नवा आकडा, आणि शेवटी चौकोनी कंसात आपल्याकडील जुना आकडा. शाखेच्या नावात ‘सिक्युरिटी’ हा शब्द दिसला, तर ती ओळ दोनदा वाचावी. प्रत्यक्ष माल बदलण्याची आज्ञा, ‘सुडो एपीटी अपग्रेड’, ही याच्यापुढची. विचारणे आणि बदलणे या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या आहेत, हे आम्हांस या सगळ्या रचनेतील सर्वांत शहाणपणाचे वाटते. विचारण्याने काही बिघडत नाही. ते दररोज करावे.

मॅक संगणकावर २००९ मध्ये मॅक्स हॉवेल यांनी आरंभिलेला ‘होमब्रू’ हा कोठावळा पुष्कळ जण बसवून घेतात. त्याची आज्ञा आणखी सरळ आहे: ‘ब्रू आउटडेटेड’. त्याची सारी परिभाषा मद्याच्या भट्टीवरून घेतलेली आहे. पाककृतीस फॉर्म्युला, तयार मालास बॉटल, ठेवावयाच्या जागेस सेलर. घरातील ज्येष्ठांनी पडद्यावर हे शब्द पाहून मुलाविषयी भलता तर्क करू नये. विंडोजवरही आता ‘विंगेट’ आहे. त्याला नुसते ‘विंगेट अपग्रेड’ म्हटले की काय काय मागे पडले आहे त्याचा तक्ता तो समोर ठेवतो, आणि पुढे नाव दिल्याखेरीज काहीही बदलीत नाही.

न विचारल्याने काय होते, याचे अमेरिकेतील एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी. ती ‘अपाची स्ट्रट्स’ नावाचे सॉफ्टवेअर वापरीत असे. त्यातील एका गंभीर दोषाची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाली. कंपनीने झोप काढली असे म्हणता येत नाही. ९ मार्च रोजी तिच्या कार्यालयांतून दुरुस्तीची सूचना फिरली. १५ मार्च रोजी तपासणीही झाली; परंतु त्या तपासणीत दोष असलेली ती प्रणाली सापडलीच नाही. मे महिन्याच्या मध्यापासून चोरांचा आत वावर सुरू झाला. ये-जा पाहणारे एक उपकरण होते, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती. म्हणजे पहारेकरीच शिळा झालेला. जुलैच्या अखेरीस प्रमाणपत्र बदलले, तेव्हा कोठे संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची खासगी माहिती उघड्यावर पडली होती. २०१९ मध्ये या प्रकरणाची तडजोड झाली, ती किमान ५७ कोटी ५० लाख डॉलरांना.

या हकिकतीतील १५ मार्च हा दिवस आम्हांस फार बोलका वाटतो. प्रश्न विचारला गेला होता, पण जेथे विचारावयाचा तेथे तो पोहोचला नाही. घरगुती संगणकातही हे होऊ शकते. कोठावळ्यास आपली कोठी तेवढी ठाऊक असते. एपीटीने आणलेल्या मालाची खबर एपीटी देईल. पायथन भाषेतील साधने ‘पिप’ने आणली असतील, तर ती ‘पिप लिस्ट’ला ‘आउटडेटेड’ जोडून विचारावी लागतात. जावास्क्रिप्टची साधने ‘एनपीएम’कडे. आणि एखादी वस्तू मुलाने कोठून तरी उतरवून घेऊन हाताने बसविली असेल, तर ती कोणाच्याच वहीत नाही. ती विटली तरी कोणी सांगणार नाही. म्हणून संगणक सोपवून जाणाऱ्या मुलास आईने एक प्रश्न अवश्य विचारावा: कोठीबाहेरचे काय काय ठेवले आहेस, ते कागदावर लिहून दे.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग मोठा आकडा चांगला आणि लहान आकडा वाईट, झाले! येथेच खरी मौज आहे, आणि येथे थोडे थांबावयास हवे.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उजेडात आला. ‘ओपनएसएसएल’ या कुलुपे लावणाऱ्या सॉफ्टवेअरच्या १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत तो होता आणि १.०.१जी मध्ये दुरुस्त झाला. आता डेबियनच्या त्या वेळच्या स्थिर आवृत्तीत १.०.१ई होती. तिने काय करावे? १.०.१जी आणली असती, तर दुरुस्तीबरोबर इतरही बदल घरात आले असते. डेबियनच्या मंडळींनी तेवढीच दुरुस्ती जुन्या मालावर शिवून दिली आणि आकडा केला ‘१.०.१ई-२+डेब७यू५’. नुसता पुढचा आकडा पाहणारा म्हणेल, हे तर दोषी आहे. शेपूट वाचणारा म्हणेल, हे बरे झालेले आहे. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की डेबियनची त्याआधीची, आणखी जुनी आवृत्ती या दोषापासून मुळातच मुक्त होती. तिच्यातील ओपनएसएसएल इतके जुने होते, की दोष जन्मालाच आलेला नव्हता.

पुण्याकडचे पाहुणे आपल्या घरी आले, की आपले काही शब्द ऐकून ‘किती जुने मराठी बोलता हो!’ असे कधी कौतुकाने, कधी किंचित हसून म्हणतात. त्यांना हे शेपटाचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. मूळ आकडा जुना आहे खरा. पण माळव्यात आणि गुजरातेत त्यावर दोनशेहून अधिक वर्षे स्थानिक दुरुस्त्या चालू आहेत. असो.

उलट बाजूचे उदाहरण याहून अंगावर काटा आणणारे आहे. ‘एक्सझेड’ हे फाइली दाबून लहान करणारे, कोणाच्या खिजगणतीत नसलेले साधन. त्याची निगराणी एकच थकलेला स्वयंसेवक करीत असे. ‘जिया तान’ हे नाव धारण करणाऱ्या कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत करून त्याचा विश्वास संपादन केला, आणि फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला. हा नवा माल डेबियनच्या चाचणीच्या शाखांत पोहोचलाही होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या संगणकात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला. अर्धा सेकंद! त्यांनी तो धागा सोडला नाही, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे कारस्थान जगापुढे मांडले. त्या आठवड्यात ज्यांच्याकडे जुनी ५.४ मालिकेतील आवृत्ती होती, ते सुरक्षित होते. जे सर्वांच्या पुढे धावले होते, ते संकटात.

मग करावे काय? याचे सर्वांत नेमके उत्तर आम्हांस एका तक्त्यात सापडले. एनपीएमला ‘एनपीएम आउटडेटेड’ असे विचारले, की तो एकेका पॅकेजपुढे तीन आकडे मांडतो. पहिला सध्या असलेल्या आवृत्तीचा, दुसरा हव्या असलेल्या आवृत्तीचा, तिसरा सर्वांत नव्या आवृत्तीचा. हवी आणि नवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे यंत्राने मान्य करावे याचे आम्हांस फार कौतुक वाटले. हवी म्हणजे, आपण आखून दिलेल्या मर्यादेत बसणारी मोठ्यात मोठी आवृत्ती. ही मर्यादा आकड्यांच्या संकेतावर उभी आहे. आवृत्तीच्या आकड्याचे तीन भाग असतात. शेवटचा बदलला तर केवळ दुरुस्ती. मधला बदलला तर नवी भर, पण जुने व्यवहार जसेच्या तसे. पहिला बदलला तर जुन्या काही गोष्टी मोडतील असे समजून चालावे. तक्त्यातील लाल ओळ सांगते की मर्यादेच्या आतच नवा माल आहे, तो आता घ्यावा; पिवळी सांगते की नवा माल मर्यादेबाहेरचा आहे, जपून पाऊल टाकावे. गाडी थांबविण्याचा लाल रंग येथे चला म्हणतो, एवढे फक्त लक्षात ठेवावे लागते.

हा तक्ता प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कामाचा. परंतु त्यातील भेद घरालाही लागू आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या विलंब न लावता घ्याव्यात. डेबियनमध्ये त्या आपोआप घेण्याची सोयही आहे आणि ती चालू ठेवावी, असे आमचे मत आहे. बाकीचे नवेपण सावकाश आले तरी चालते. एखादी चालती वस्तू बदलू नये असे वाटले, तर ‘एपीटी-मार्क होल्ड’ म्हणून तिला थोपवून धरता येते. मात्र अशी थोपविलेली वस्तू विसरली जाते, म्हणून वर्षातून एकदा ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ म्हणून ती यादी पाहावी.

जुनेपण नेहमी चोरांचीच वाट मोकळी करते असे नाही. आपल्या भाषेस त्याचा वेगळाच उपद्रव होतो. मराठीतील ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी तयार झालेल्या अक्षरसंचात ते असणे शक्यच नाही. म्हणून अशा संगणकावर ‘ॲड्रेस’ किंवा ‘ॲडमिशन’ या शब्दांच्या आरंभी नुसता रिकामा चौकोन उमटतो. ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ यांची कथा अशीच. आचार्यांस दक्षिणा आणि आचाऱ्यांस बिदागी, या दोन ओळी लग्नखर्चाच्या यादीत वेगळ्या दिसल्या पाहिजेत. अक्षरसंच किंवा अक्षरे जुळविणारे साधन कच्चे असेल, तर तो ‘ऱ्या’ मोडून पडतो. असे चौकोन व मोडकी अक्षरे दिसली, तर कळफलकास दोष देण्यापूर्वी शिळ्या मालाची यादी मागवावी, आणि तीत ‘फॉन्ट्स’ने आरंभ होणारी किंवा ‘हार्फबझ’ नावाची ओळ आहे काय ते पाहावे. हार्फबझ हेच ते अक्षरे जुळविणारे साधन.

एक सापळा सांगावयाचा राहिला, आणि आमच्या मते तोच सर्वांत वाईट. कोठावळा शिळेपण सांगतो ते भांडारातील नव्या मालाशी ताडून. भांडारात नवा माल येणेच बंद झाले, तर? डेबियनची दहावी आवृत्ती ‘बस्टर’ ३० जून २०२४ रोजी दीर्घ मुदतीच्या आधारातूनही बाहेर पडली. त्यानंतर तिच्या नेहमीच्या भांडारात नव्या दुरुस्त्या येणे थांबले. अशा संगणकावर यादी मागवून प्रश्न विचारला, तर ती यादी जाग्यावर आहे तोवर उत्तर येते: सर्व पॅकेजे अद्ययावत आहेत. तीन महिन्यांनी विचारा, तेच उत्तर. सहा महिन्यांनी, तेच. घरमालक निश्चिंत होतो. खरे तर दुकान बंद झालेले असते आणि कोठावळा बंद दाराशी उभा राहून नवे काही आले नाही म्हणून सांगत असतो. ज्या घरात आधी दर आठवड्याला पाच-दहा ओळी येत आणि आता कित्येक महिने एकही आलेली नाही, त्या घराने ही शांतता चांगली समजू नये.

यावर उपाय म्हणून आणखी एकच आज्ञा पुरते. ‘होस्टनेमसीटीएल’ असे एकसलग लिहिले, की उत्तरात प्रणालीचे नाव आणि आकडा दिसतो. तो आकडा तेरा असेल, तर तिचा नेहमीचा आधार ऑगस्ट २०२८ पर्यंत आणि दीर्घ मुदतीचा ३० जून २०३० पर्यंत असल्याचे डेबियनने जाहीर केले आहे. आकडा त्याहून लहान असेल, तर तिची शेवटची तारीख मुलास फोनवर विचारून घ्यावी आणि घरखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर, गॅसच्या ग्राहक क्रमांकाच्या खाली, लिहून ठेवावी.